एकच कार्ड, दुसरा परीक्षक

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेले भाषण)



गेल्या नाताळच्या सुटीत माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेहून आईवडिलांना भेटावयास आला असता माझ्याकडेही येऊन गेला. नेवऱ्या खाऊन झाल्यावर त्याने मऊ फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढून माझ्या टेबलावर ठेवली. तळहाताहून थोडी मोठी, जाड, पारदर्शक प्लॅस्टिकची सीलबंद डबी होती ती. आत एका बास्केटबॉलपटूचे रंगीत चित्र असलेले कार्ड, आणि वरच्या बाजूस एक छापील चिठ्ठी. चिठ्ठीवर आकडा होता, ९.५.

"सर," तो म्हणाला, "ह्याला साडेनऊ मिळाले आहेत. दुसऱ्या कंपनीकडे पाठवले तर दहा मिळतील काय? मिळाले तर किंमत खूपच वाढेल. तुम्ही काय सांगाल?"

मी गणिताचा शिक्षक. दहापैकी साडेनऊ गुण मिळवून वर फेरतपासणीचा अर्ज करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यास काय सांगावयाचे, हे मला इतक्या वर्षांत कळून चुकले आहे. परंतु कागदाच्या तुकड्याला गुण द्यावयाचे, ते देण्यासाठी कंपन्या निघावयाच्या, आणि एका कंपनीचे गुण पटले नाहीत तर दुसरीकडे दाद मागावयाची, हा व्यवहार मला नवा होता. तो परत गेल्यानंतर मी ह्या विषयाची माहिती मिळवीत राहिलो. त्या माहितीतून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

अमेरिकेत खेळाडूंच्या चित्रांची कार्डे जमविण्याचा नाद शंभर वर्षांहून जुना आहे. आरंभी ही कार्डे सिगारेटच्या पाकिटातून मिळत, पुढे च्युइंगमबरोबर मिळू लागली. टॉप्स नावाच्या कंपनीने १९५२ साली बेसबॉलपटूंची जी कार्डे काढली, त्यांतील मिकी मँटल ह्या खेळाडूचे ३११ क्रमांकाचे कार्ड आज ह्या छंदाचे जणू बोधचिन्ह होऊन बसले आहे. त्या वर्षीच्या शेवटच्या तुकडीतील कार्डे खपली नाहीत, आणि १९६० साली उरलेल्या पेट्या कंपनीनेच एका पडावातून नेऊन अटलांटिक समुद्रात बुडविल्या, असे कार्डे तयार करणाऱ्या सी बर्गर ह्यांनीच पुढे सांगितले. मुलांच्या हातची कार्डे तरी कोठे सुरक्षित होती? कोणी ती रबराने बांधून ठेवी, तर कोणी सायकलच्या आऱ्यांत अडकवून फटफट असा आवाज काढी. म्हणूनच कोपरे शाबूत राहिलेले जुने कार्ड दुर्मिळ, आणि दुर्मिळ म्हणूनच महाग.

माझ्या आईच्या प्रार्थनापुस्तकात संतांची छोटी चित्रे असत. धर्मशिक्षणाच्या वर्गात बक्षीस म्हणून मिळालेली, कोणाच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी वाटलेली. बोटांच्या घर्षणाने त्यांचे कोपरे गोल झाले होते आणि तीच त्यांची शोभा होती. खेळाच्या कार्डांच्या बाजारात मात्र गोल झालेला कोपरा म्हणजे सरळ नुकसान.

कार्ड महाग झाले की त्याच्या अवस्थेविषयी भांडण आलेच. विकणारा म्हणतो 'नव्यासारखे', घेणारा म्हणतो 'वापरलेले'. हे भांडण आधी नाण्यांच्या बाजारात मिटविले गेले. १९८६ साली डेव्हिड हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी नाण्यांची पारख करून त्यांना सीलबंद डबीत घालून देणारी संस्था काढली. विकणारा व घेणारा ह्या दोघांहून निराळ्या अशा तिसऱ्याने श्रेणी ठरवावी, ही त्यामागील कल्पना. तीच कल्पना १९९१ साली कार्डांना लागू झाली आणि प्रोफेशनल स्पोर्ट्स ऑथेंटिकेटर, म्हणजे लोकांच्या तोंडी पीएसए, ही संस्था जन्मास आली. १९९८ साली एसजीसी निघाली आणि १९९९ साली बेकेट ह्या कार्डांच्या किमतीची मासिके काढणाऱ्या घराण्याची श्रेणीसंस्था सुरू झाली. ह्या प्रत्येकीची डबी निराळी, चिठ्ठीचा रंग निराळा. संग्राहक ह्या डबीला स्लॅब म्हणतात, आणि दुरूनच रंग पाहून ती कोणाची आहे हे ओळखतात.

गुण कशाचे देतात? मुख्यतः चार गोष्टींचे. छापलेले चित्र कार्डाच्या मधोमध आहे की एका बाजूस सरकले आहे, हे पहिले. डावीकडचा पांढरा काठ व उजवीकडचा काठ ह्यांचे प्रमाण मोजतात. दोन्ही अगदी सारखे असतील तर पन्नासास पन्नास, आणि सर्वोच्च श्रेणीसाठी हे प्रमाण पंचावन्नास पंचेचाळीसच्या आसपास असावे लागते. त्यानंतर चार कोपरे, चार कडा आणि शेवटी पृष्ठभाग, म्हणजे ओरखडे, डाग, छपाईतील ठिपके. ह्यांतील पहिली गोष्ट पट्टीने मोजता येते. बाकीच्या तिन्हींत भिंग आणि प्रकाश ह्यांची मदत झाली तरी शेवटी डोळा व अनुभव ह्यांनीच निर्णय द्यावा लागतो. शिवाय कार्ड खरे आहे काय, त्याच्या कडा कापल्या आहेत काय, रंग भरला आहे काय, हेही पाहिले जाते. कापलेल्या कार्डास आकडा मिळू नये, असा नियम आहे. ह्या नियमाकडे आपल्याला पुन्हा वळावयाचे आहे.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या साडेनऊंकडे येऊ. सगळ्या संस्था दहापैकीच गुण देतात, म्हणून त्यांची मोजपट्टी एकच असेल असे वाटते. पण ती एक नाही. पीएसएने २००८ साली अर्ध्या गुणांची सोय केली खरी, परंतु ती साडेआठापर्यंतच. नऊ आणि दहा ह्यांच्या मध्ये तिच्याकडे पायरीच नाही. बेकेटकडे ती आहे. बेकेटच्या भाषेत साडेनऊ म्हणजे 'जेम मिंट' आणि पीएसएच्या भाषेत 'जेम मिंट' म्हणजे दहा. नाव तेच, आकडा निराळा. बेकेटच्या दहाला 'प्रिस्टीन' म्हणतात. तो मिळणे फारच कठीण, आणि चारही पोटगुण दहा असले तर चिठ्ठीच काळी मिळते. एसजीसी तर अनेक वर्षे शंभरांपैकी गुण देत असे. २०१८ साली तिने दहांची पट्टी स्वीकारली. तेव्हा एका संस्थेचे साडेनऊंचे कार्ड पीएसएकडे गेले की त्याला अधांतरी राहता येत नाही. ते वर चढून दहावर जाईल, नाहीतर खाली घसरून नऊवर येईल. इयत्ता बदलताना मधला वर्गच नसावा तशी ही स्थिती होय.

आणि पट्टी एकच असती तरी परीक्षक दोन आहेतच. बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासताना आम्हा शिक्षकांना हा अनुभव नेहमी येतो. भूमितीच्या सिद्धतेत एक पायरी गाळलेली असली तर एक परीक्षक अर्धा गुण कापतो, दुसरा दुर्लक्ष करतो. नियामक मधे असतो म्हणून फार अंतर पडत नाही, पण थोडे पडतेच. निबंधाच्या पेपरात तर विचारूच नये. ह्यात कोणी अप्रामाणिक नसतो. कार्डाच्या कोपऱ्यावरील केसाएवढा पांढरा ठिपका एकाला दिसतो व दुसऱ्याला दिसत नाही, किंवा दोघांना दिसतो पण एकाला तो क्षम्य वाटतो, एवढीच गोष्ट.

मग दुसऱ्या परीक्षकाकडे जाण्याची रीत कोणती? तिला क्रॉसओव्हर म्हणतात. कार्ड मूळ डबीसकटच नव्या संस्थेकडे पाठवावयाचे, आणि अर्जावर 'किमान श्रेणी' लिहावयाची. नवी संस्था जुन्या प्लॅस्टिकमधूनच कार्ड पाहते. मागितलेली किमान श्रेणी देण्याजोगे ते वाटले, तर जुनी डबी फोडून नव्या डबीत घालते. न वाटले, तर हात न लावता जुन्याच डबीत परत पाठविते. शुल्क मात्र दोन्ही प्रसंगी घेतले जाते. कोणी किमान श्रेणीची अट घातलीच नाही, तर जी मिळेल ती पदरात पडते, मग ती आधीच्यापेक्षा कमी का असेना. आणखी एक गोष्ट नवशिक्यास ठाऊक नसते. शुल्क कार्डाच्या किमतीप्रमाणे चढते असते. नव्या श्रेणीमुळे किंमत वरच्या पायरीत गेली तर संस्था वाढीव शुल्क मागते. जिंकणाऱ्यालाही असा थोडा दंड पडतो.

दुसरी रीत धाडसाची आहे. घरीच डबी फोडावयाची, कार्ड मोकळे करावयाचे, आणि जणू काही ते कधी तपासलेच गेले नव्हते अशा थाटात नव्या संस्थेकडे धाडावयाचे. पुष्कळ संग्राहक असे करतात, कारण त्यांची समजूत अशी की प्रतिस्पर्ध्याची चिठ्ठी डोळ्यांसमोर असली की परीक्षक हात आखडता घेतो. ही समजूत अगदीच निराधार म्हणवत नाही. मलादेखील दुसऱ्याने तपासलेली उत्तरपत्रिका त्याचे लाल आकडे न पाहता तपासणे अवघड जाते. पण ह्या रीतीत धोके दोन आहेत. पक्कड लावून डबी फोडताना कडेचा टवका उडाला की साडेनऊंचे आठ झालेच म्हणून समजा. आणि डबी फुटली की त्या संस्थेने श्रेणीविषयी दिलेली हमीही संपली. कार्ड कापलेले निघाले किंवा श्रेणी चुकलेली निघाली तर भरपाई करण्याची हमी डबीतील कार्डापुरती असते. मोकळ्या कार्डाला वाली नाही.

एवढा खटाटोप लोक का करतात? कार्ड तेच असते, त्यावरचा शाईचा एक कणही बदललेला नसतो. बदलतो तो बाजाराचा विश्वास. आधुनिक कार्डांच्या बाबतीत पीएसएच्या दहाला इतर संस्थांच्या सर्वोच्चाजवळच्या श्रेणीहून बहुधा अधिक भाव येतो, हे खरे आहे. मायकेल जॉर्डनचे १९८६ सालचे फ्लीअर कंपनीचे कार्ड घ्या. त्याचा काठ रंगीत असल्यामुळे जरासा घासला तरी पांढरे दिसते, आणि हजारोंनी तपासल्या गेलेल्या ह्या कार्डांत पीएसएकडून दहा मिळालेली तीनशेहून थोडीच अधिक आहेत. जानेवारी २०२१ मध्ये अशा दोन कार्डांना प्रत्येकी ७,३८,००० डॉलर आले. त्याच वर्षी पुढे हा भाव निम्म्याहून खाली उतरला, हेही लक्षात ठेवले पाहिजे. शिवाय पीएसएने संग्राहकांसाठी संचांची एक नोंदवही ठेवली आहे. कोणाचा संच किती श्रेष्ठ, ह्याची तीत स्पर्धा चालते, आणि ती नोंदवही पीएसएच्या डब्यांसाठीच निघालेली. एखाद्याच्या संचातील एकच कार्ड निराळ्या डबीत असले की त्याला झोप येत नाही. पैशाहूनही ही टोचणी कित्येकांना अधिक असते, असे मला वाटते.

तरीही संस्थेचे नाव म्हणजे सर्वस्व नव्हे. मघाशी मँटलच्या कार्डाचा उल्लेख केला. पीएसएच्या नऊ गुणांचे एक कार्ड जानेवारी २०२१ मध्ये ५२ लाख डॉलरला गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये एसजीसीच्या साडेनऊ गुणांचे मँटलचे कार्ड लिलावात निघाले, आणि लोकांनी त्याला १ कोटी २६ लाख डॉलर दिले. त्या वेळी तो कोणत्याही क्रीडावस्तूसाठीचा उच्चांक होता. मालकाने ते दुसऱ्या रंगाच्या डबीत घालून घेण्याची वाट पाहिली नाही. घेणाऱ्यांनी कार्डच पाहिले.

दोन संस्थांतील ही स्पर्धाही पूर्वीसारखी राहिलेली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएसएच्या मालक कंपनीने एसजीसी विकत घेतली. शाळा दोन, पण संस्थाचालक एक, असे झाले. मग एसजीसीकडून पीएसएकडे जाणे म्हणजे खरोखर दुसऱ्या परीक्षकाकडे जाणे आहे काय, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याला हसू नये.

आता त्या कापलेल्या कार्डाकडे वळतो, कारण ह्या सगळ्या व्यवहारात फेरतपासणीची जर कोठे खरी गरज होती तर ती तेथे होती.

१९०९ ते १९११ ह्या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉलपटूंची कार्डे वाटली. संग्राहक ह्या संचाला टी २०६ म्हणतात. कार्डे लहान, सुमारे दीड इंच रुंद आणि अडीच इंचांहून थोडी उंच. त्यांत पिट्सबर्गचा ख्यातनाम खेळाडू होनस वॅग्नर ह्याचे कार्ड फार थोडे निघाले आणि थांबले. मुलांनी आपल्यासाठी तंबाखू घ्यावी हे त्याला नको होते म्हणून, असे एक मत. मोबदला मिळाला नाही म्हणून, असे दुसरे. आज ह्या कार्डाच्या साठांच्या आसपास प्रती ज्ञात आहेत, आणि बहुतेकींची दशा शतकभर हाताळलेल्या कागदाची व्हावी तशीच आहे.

एकच प्रत आश्चर्यकारक स्वच्छ होती. १९८५ साली बिल मास्ट्रो ह्या व्यापाऱ्याने ती २५,००० डॉलरला घेतली आणि दोन वर्षांनी १,१०,००० डॉलरला विकली. १९९१ मध्ये सदबीच्या लिलावात बर्फावरील हॉकीचा विख्यात खेळाडू वेन ग्रेट्स्की व त्याचा भागीदार ब्रूस मॅकनॉल ह्यांनी ४,५१,००० डॉलर देऊन ती घेतली. पीएसए तेव्हा नुकतीच निघाली होती. ह्या कार्डास तिने दहापैकी आठ गुण दिले, आणि चिठ्ठीवर अनुक्रमांक घातला, एक. नव्या संस्थेचे पहिले कार्ड, जगातील सर्वांत मौल्यवान कार्ड, आणि श्रेणी आठ. ह्याहून चांगली जाहिरात कोणाला मिळणार? पुढे ते एका मोठ्या दुकानसाखळीच्या सोडतीत बक्षीस म्हणून ठेवले गेले. १९९६ साली ते फ्लोरिडातील टपालखात्यात काम करणाऱ्या एका बाईंना लागले. त्यांना त्यावरील कर परवडेना, म्हणून त्यांनी ते विकले. लिलावात ६,४१,५०० डॉलर आले. २००७ साली केन केंड्रिक ह्या बेसबॉल संघाच्या मालकाने ते २८ लाख डॉलरला घेतले.

ह्या साऱ्या काळात जाणकारांत कुजबुज चालूच होती. कडा फारच सरळ, कोपरे फारच टोकदार. ऑक्टोबर २०१३ मध्ये मास्ट्रोने शिकागोच्या संघीय न्यायालयात लिलावातील फसवणुकीचा गुन्हा कबूल केला, आणि त्याबरोबरच ह्या वॅग्नर कार्डाच्या बाजू आपण कापल्या होत्या, हेही कबूल केले. २०१५ मध्ये त्याला वीस महिन्यांची शिक्षा झाली.

नियम असा की कापलेल्या कार्डास आकडा मिळावयाचा नाही. येथे तर पहिलाच आकडा कापलेल्या कार्डास मिळाला होता. बावीस वर्षे ते ज्यांच्या ज्यांच्या हाती होते, त्यांच्यापैकी कोणीही 'दुसऱ्या संस्थेचे मत घेऊ या' असे म्हणण्यात आपला फायदा नव्हता. वर जाण्याची आशा असते तोवरच फेरतपासणीचा अर्ज होतो. खाली येण्याची भीती असली की चिठ्ठी देवाघरच्या निरोपासारखी जपली जाते. माझा विद्यार्थी मला विचारीत होता, साडेनऊंचे दहा होतील काय? साडेनऊंचे आठ तर नव्हेत ना, हे पाहण्यासाठी कोणी शुल्क भरून कार्ड पाठविते असे मी अद्याप ऐकलेले नाही.

आणि बाजाराचे नवल पहा. ऑगस्ट २०२१ मध्ये वॅग्नरचेच दुसरे एक कार्ड, एसजीसीकडून केवळ तीन गुण मिळालेले, झिजलेले, पण ज्याच्या कडांना कात्री लागल्याचा बोभाटा नाही असे, ६६ लाख डॉलरला विकले गेले.

कापाकापीचा उद्योग मास्ट्रोबरोबर संपला नाही. २०१९ साली अमेरिकेतील काही चिकाटीच्या संग्राहकांनी लिलावांच्या जुन्या छायाचित्रांशी नवी छायाचित्रे ताडून पाहिली. छपाईतील एखादा ठिपका, रंगाची एखादी रेघ ह्यांवरून कार्ड तेच आहे हे ओळखता येते. तेव्हा असे दिसून आले की कमी श्रेणीच्या डबीतून काढलेली कित्येक कार्डे कडा छाटून, सुरकुत्या बसवून पुन्हा तपासणीस गेली होती आणि अधिक श्रेणी घेऊन परत आली होती. फेरतपासणीची वाट अशा प्रकारे चोरवाट झाली. वॅग्नरच्या वेळी जाणकारांची कुजबुज होती. ह्या वेळी पुरावा चित्रांचा होता, आणि तो परीक्षकांनी नव्हे, हौशी माणसांनी शोधला.

आणखी एक लहानसा दोष सांगतो, जो कोणाच्या सहज ध्यानात येत नाही. प्रत्येक संस्था कोणत्या कार्डास कोणती श्रेणी किती वेळा दिली ह्याची गणना प्रसिद्ध करते, आणि दुर्मिळपणाचा अंदाज लोक ह्या गणनेवरून बांधतात. परंतु एकच कार्ड डबी फोडून चार वेळा पाठविले आणि जुनी चिठ्ठी संस्थेस परत केली नाही, तर गणनेत त्याची चार कार्डे होतात. शिरगणतीत एकच माणूस चार घरांत मोजला जावा, तसे.

माझ्या विद्यार्थ्यास मी शेवटी काय सांगितले? आम्ही एका कागदावर हिशेब मांडला. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले. समजा, आजच्या डबीत कार्डाची किंमत ४०० डॉलर आहे. दुसऱ्या संस्थेचे दहा मिळाले तर ७००, नऊ मिळाले तर २५०. शुल्क, विमा व टपाल मिळून १०० डॉलर खर्च. अर्जावर किमान श्रेणी दहा लिहिली, तर यश आल्यास २०० डॉलरचा नफा. अपयश आल्यास १०० डॉलर बुडाले, कार्ड होते तसे परत. म्हणजे तीन प्रयत्नांत एकदा यश येण्याची शक्यता असली तरी तोटा होत नाही. किमान श्रेणी न लिहिता पाठविले, तर अपयशाची किंमत २५० डॉलर; आता नवांपैकी पाच वेळा तरी यश आले पाहिजे. अर्जातील एक रकाना रिकामा ठेवण्याची एवढी किंमत पडते. डबी घरी फोडली तर हिशेब आणखी बिघडतो, कारण टवका उडण्याची शक्यता कागदावर मांडता येत नाही.

पण ही शक्यता तीनास एक आहे की दहास एक, हे कोण ठरविणार? त्यासाठी आम्ही चिठ्ठीच्या आकड्यावरून नजर काढून कार्डाकडे वळलो. त्याच्या चिठ्ठीवर चार पोटगुण छापलेले होते: मध्य साडेनऊ, कोपरे साडेनऊ, पृष्ठभाग साडेनऊ, कडा नऊ. दुखणे कडेत होते. खिडकीजवळ नेऊन भिंगाने पाहिले, तेव्हा खालच्या कडेवर मोहरीच्या दाण्याहूनही बारीक असा पांढरा खरचटा दिसला. आधी त्याला तो कधी दिसला नव्हता. चिठ्ठी वाचणे आणि कार्ड पाहणे ह्यांत अंतर आहे ते असे.

"सर, हा खरचटा त्यांना दिसेल?" त्याने विचारले.

"मला दिसला," मी म्हटले, "आणि मी पन्नाशीला आलो आहे."

तरी त्याचे मन मानेना. परत गेल्यावर त्याने किमान श्रेणी दहा लिहून कार्ड पाठविलेच. ईस्टरच्या सुमारास त्याचा निरोप आला. डबी न फोडता कार्ड परत आले होते, शुल्क गेले होते. त्याने खालच्या कडेचे मोठे केलेले छायाचित्र सोबत पाठविले होते, आणि त्या खरचट्याभोवती लाल शाईने गोल काढला होता, मी उत्तरपत्रिकेत काढीत असे तसा.